सेवा चालू आहे, पण आतला बदल थांबलाय: रोजची चौकट कशी लावायची?

अक्कलकोट_रोड (प्रश्न)

सर्वांना सलाम. प्रश्न सोलापुरातून आहे, पण बाहेरच्यांनीही सांगावं.

आठवड्याला दोन गृहप्रार्थना, शनिवारी तरुण संघ, महिन्यातून एकदा रविवारचा संदेश (प्रवचन), वर आजाऱ्यांच्या भेटी. पाळक (पास्टर) नाही, मंडळीतला साधा सेवक. दिवसा टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचं काम. बायबल रोज उघडतो, पण संदेश काढायला. प्रार्थना होते, पण दुसऱ्यांसाठी. राग, तुलना, कार्यक्रमात कुणी नाव घेतलं नाही की लागणारी टोचणी, हे सगळं पाच वर्षांपूर्वी होतं तिथंच आहे.

पौलाच्या रोमकरांस पत्रात (१२:२) मन नवं होऊन ‘रूपांतर’ होऊ द्या म्हटलंय, ते एकदाच होतं की होत राहतं? होत राहत असेल तर त्यात आपला वाटा किती? माझ्याकडे सकाळी अर्धा तास आणि रात्री दहा मिनिटं आहेत, त्याहून जास्त नाही. त्यात नेमकं काय करायचं? आणि बदल होतोय की नाही हे ओळखायचं कशावरून? ‘प्रार्थना वाढवा’ हे उत्तर नको, ते पाठ आहे.

---

उभा_धागा

आधी शब्दाकडे बघू, पुढचं सगळं त्यावर टांगलेलं आहे. मूळ ग्रीकमधलं हे क्रियापद नव्या करारात चारच ठिकाणी येतं. मत्तय १७:२ आणि मार्क ९:२ मध्ये डोंगरावर येशूचं रूप पालटतं तिथं, मग रोम १२:२ आणि २ करिंथ ३:१८. रोमकरांसमध्ये ते आज्ञार्थी आहे, पण कर्मणी आणि चालू काळातलं. मराठीत उलगडून सांगायचं तर ‘तुझं रूपांतर होत राहू दे’. करणारा देव, अडवणारे आपण. तुमचा वाटा विचारलात तर तो न अडवण्याचा, आणि त्याला रोज वेळ काढून बसावं लागतं. फिलिप्पै २:१२-१३ या दोन्ही बाजू एका दमात सांगतं: भीत व कापत आपलं तारण (उद्धार) साधून घ्या, कारण इच्छा आणि कृती दोन्ही तुमच्यात घडवणारा देव आहे.

गोंधळ बहुतेक वेळा इथंच होतो. देवानं आपल्याला नीतिमान ठरवणं विश्वासानं आणि एकदाच; पवित्रीकरण, म्हणजे आतून पवित्र होत जाणं, आयुष्यभर. दोन्हींची सरमिसळ झाली की सकाळचा शास्त्रपाठ चुकल्यावर तारणच गेल्यासारखं वाटतं, आणि पंधरा दिवस नीट झाला की शेजारच्या बाकावरच्या माणसाकडे बघायची नजर बदलते. दोन्ही आजार एकाच मुळाचे.

आता सकाळ. बाराव्या शतकात फ्रान्समधल्या एका मठाचा प्रमुख, गिगो दुसरा, यानं वचन वाचण्याच्या चार पायऱ्या मांडल्या: वाचन, मनन, प्रार्थना, चिंतन. अर्ध्या तासात ते असं बसतं. पहिली तीन मिनिटं काही न बोलता बसा. मग आठ ते बारा वचनं मोठ्यानं, दोनदा, सावकाश, सहा मिनिटं. ज्या शब्दाशी अडखळलात त्याच्यावर दहा मिनिटं थांबा. पुढची सात मिनिटं त्याच शब्दावरून देवाशी बोला, दुसऱ्या कुणासाठीही नाही. उरलेली चार मिनिटं नुसतं त्याच्यासमोर बसा. अख्खा अध्याय घेऊ नका. मार्कचे १६ अध्याय दहा-दहा वचनांनी घेतले तर सव्वादोन महिने पुरतात, घाई कसली?

एक नमुना देतो, तुमच्याच टोचणीवरचा. मार्क ९:३३-३७. शिष्य वाटेत ‘मोठा कोण’ यावर भांडलेत, कफर्णहूमात घरी आल्यावर येशू विचारतो, वाटेत कसली चर्चा चालली होती? ते गप्प बसतात. वाचताना लगेच लेकराच्या दृष्टान्ताकडे पळायचं नाही. त्या गप्प बसण्यावर थांबायचं. तो प्रश्न मला घरी विचारला तर मी कशावर गप्प बसेन? ‘अहंकार’ असं गुळमुळीत उत्तर चालत नाही. कोणता कार्यक्रम, कुणाचं नाव घेतलं गेलं, त्या वेळी माझा चेहरा कसा झाला, इथपर्यंत जायचं. मग प्रार्थना दोन वाक्यांची होते आणि तेवढी पुरते.

बिघडतं ते साधारण दहाव्या मिनिटाला. डोक्यात येतं, ‘हे शनिवारी तरुण संघात सांगायला झकास आहे.’ संदेश देणाऱ्या प्रत्येकाचं असं होतं. त्याच्याशी झगडू नका, वहीच्या शेवटच्या पानावर दोन शब्द टिपा आणि परत वचनाकडे या. पण ते पान आठवड्यातच भरत असेल तर समजायचं, वचन तुमच्यात मुक्कामच करत नाही, एसटी स्टँडवरून गाडी बदलून पुढं निघालंय. म्हणूनच नियम ठेवा: सकाळचा उतारा येत्या संदेशाचा नसावा, आणि दोन्हींच्या वह्या वेगळ्या.

---

सात_रस्ता

रात्रीच्या दहा मिनिटांचं मी सांगतो. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) याची पाच टप्प्यांची आत्मपरीक्षा जुनी आणि दणकट आहे. ‘हे रोमन कॅथलिक लोकांचं’ म्हणून काही जण नाक मुरडतील. त्यांनी स्तोत्र १३९:२३-२४ वाचावं, ‘देवा, माझं मन पारखून बघ’ हे मागणं तेच आहे.

तीन मिनिटं आभार, एक मिनिट पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागणं, चार मिनिटं दिवसाची उजळणी, एक मिनिट क्षमा, एक मिनिट उद्याची एकच गोष्ट. उजळणीत तासन् तास धुंडाळायचं नसतं, दोनच जागा शोधायच्या: आज प्रीती कुठं वाढली, कुठं आटली.

आभार गाळून थेट चुकांवर जाणारे लोक तीन आठवड्यांत ही सवय सोडतात. ती पापांची खतावणी होऊन बसते आणि खतावणी रोज रात्री कोण उघडणार? तुम्ही हिशेबातले आहात, तुम्हाला हा मोह दुप्पट होईल. म्हणून आभार आधी, आणि तेही नेमके. ‘आरोग्याबद्दल, कुटुंबाबद्दल’ नको. ‘वहिनीनं न मागता भाकरी वाढली’ असं पाहिजे.

लिहायची ओळ एकच, तीही नेमकी. ‘आज चिडलो’ यातून काही हाती लागत नाही. ‘सव्वातीनला बिलातली चूक दाखवली तेव्हा आवाज चढला, साहेब ऐकत होते म्हणून’ यातून लागतं. वीसेक ओळी झाल्या की मागं जाऊन वाचा. राग कामाचा असतो असं वाटत होतं, पण प्रत्येक वेळी तिसरं कुणीतरी ऐकत असतं, हे कागदावरच दिसतं. म्हणजे मूळ राग नाही, लाज आहे. उपाय मग त्या लाजेवर करायचा.

गादीवर आडवं होऊन करू नका, तिसऱ्या मिनिटाला घोरायला लागाल. खुर्चीत बसा. मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला.

---

पेठेतला

वरचं सगळं ठीक, पण फार घड्याळी वाटतं. माणूस बदलतो तो आत्म्याच्या भेटीनं, तीन मिनिटं आणि सहा मिनिटं मोजून नव्हे. १९०५ साली पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात जे संजीवन, म्हणजे आत्मिक जागृती, झालं ते काय वेळापत्रक लावून झालं? आजच्या मंडळ्यांत तक्ते भरपूर आहेत, गुडघे टेकणं कमी आहे.

---

उभा_धागा

पेठेतले दादा, मुक्तीचं उदाहरण काढलंत हे बरं केलंत. १९०५ च्या आधी काय होतं ते बघा की. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा, इंग्लंडमधला. ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असं त्यांनी आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय, आणि ती दुसरी गोष्ट घडायला साधारण आठ वर्षं गेली. म्हणजे बाप्तिस्मा ते संजीवन बावीस वर्षं. आणि १९०५ नंतर त्या काय करत बसल्या? मूळ भाषांवरून बायबलचं मराठी भाषांतर, मृत्यूपर्यंत. शब्दाला शब्द लावत बसणं यापेक्षा घड्याळी काम कोणतं असतं?

टिळकांचंही तेच. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यानंतर मिशनमध्ये वर्षानुवर्षं सेवा, आणि १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ ही ख्रिस्तभक्तांची स्वतंत्र संगत. बाप्तिस्म्यानंतर बाविसाव्या वर्षी माणूस पुन्हा मुळापासून हलतो. भेट महत्त्वाची नाही असं मी म्हणतच नाही. भेट झाली ती टिकवायला आणि पुढची येईल तेव्हा जागं असायला सवय लागते, एवढंच.

तुमचा एक मुद्दा मात्र मान्य. मिनिटं ही कुबडी आहे. सहा महिन्यांनी घड्याळाकडे बघावं लागत असेल तर चौकटीतच काहीतरी चुकलंय.

---

पेठेतला

रमाबाईंच्या आठ वर्षांचं लक्षात नव्हतं. बरं, पण सामुदायिक उपवास-प्रार्थना सोडू नका. एकट्यानं वहीत लिहून कुणी वधस्तंभ उचलला नाही.

---

तिघांची_बैठक

पेठेतल्यांच्या शेवटच्या वाक्यावरून पुढं जातो. एकट्यानं हे होत नाही, आणि चाळीस जणांच्या प्रार्थना सभेतही होत नाही. त्याला लहान गट लागतो.

मेथोडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीनं डिसेंबर १७३८ मध्ये अशा लहान टोळ्यांचे नियम लिहिले. आठवड्यातून एकदा भेटायचं, वेळेवर सुरू करायचं, आणि आपल्या मनाची खरी स्थिती मोकळेपणानं सांगायची. आधार याकोब ५:१६ चा, आपली पापं एकमेकांजवळ कबूल करा. त्यातलं आज इथं चालेल असं सांगतो.

तीन माणसं, फार तर चार. सगळे पुरुष किंवा सगळ्या बायका. सव्वा तास: दहा मिनिटं वचन, प्रत्येकाला पंधरा-वीस मिनिटं, शेवटी एकमेकांवर हात ठेवून प्रार्थना. प्रश्न तीनच. मागच्या भेटीनंतर कुठं पडलास? कुठं देवाची कृपा दिसली? असं काय आहे जे तू आत्ता सांगणार नव्हतास? तिसरा प्रश्न विचारल्यावर जी शांतता पडते ती कुणी भरून काढायची नाही. पहिल्या चार-पाच भेटींत काही निघत नाही. निघेल.

गटात मंडळीच्या कमिटीतले दोघं एकत्र नकोत, निवडणूक आली की कबुली हत्यार होते. तुमच्या हाताखालचा सेवकही नको, तो खरं बोलणार नाही. शक्य असेल तर एक जण दुसऱ्या मंडळीतला घ्या. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड उपासना एकमेकांपासून फार लांब नाहीत, असा माणूस मिळतो.

गट मरतो तो दोन गोष्टींनी. एक, सल्ला. कुणी कबूल करायला तोंड उघडलं की दुसरा वचन काढून देतो आणि तो पुढच्या वेळी गप्प बसतो. सल्ला मागितल्याशिवाय द्यायचा नाही, असा लेखी नियमच करा. दोन, ‘प्रार्थनाविषय’ या नावाखाली बाहेर जाणारी बातमी. व्हॉट्सअ‍ॅपवर यातलं एक अक्षर नको, सांकेतिक भाषेतही नको.

आणि गुप्ततेला मर्यादा आहे, ती पहिल्याच दिवशी बोलून घ्या. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं निघालं तर पोक्सो कायदा २०१२ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथं ‘प्रार्थनेत ठेवू’ चालत नाही. कुणी जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलत असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही, डॉक्टरकडे न्यायचं. महिनोन् महिने झोप-भूक गेलेली असेल तर ते आत्मिक कोरडेपण म्हणून मोजू नका, तेही आधी डॉक्टरला दाखवा.

---

संध्याकाळची_घंटा

सगळ्यांनी काय जोडायचं ते सांगितलं. काढायचं काय? अक्कलकोट रोडवाल्या दादांच्या आठवड्यात नवीन काही बसवायला जागाच नाही, आणि जागा न करता बसवलेली चौकट पहिल्या लग्नसराईत कोसळते.

दोन गृहप्रार्थनांपैकी एक दुसऱ्याच्या हाती द्या. निर्गम १८ मध्ये सासरा इथ्रो मोशेला काम वाटून दे असं सांगतो, ते सोयीचं तर आहेच, पण तो हेही म्हणतो की तू झिजशील आणि लोकही झिजतील. देताना एकदम देऊ नका. महिनाभर तो बघेल, महिनाभर दोघं मिळून, महिनाभर तो घेईल आणि तुम्ही मागं बसाल, चौथ्या महिन्यात जाऊच नका. त्या चौथ्या महिन्यात तुम्हाला जी अस्वस्थता येईल ती टिपून ठेवा. सेवा देवाची होती की आपली, ते तिथं कळतं. लोकांनी त्याचं कौतुक केलं तर आणखी लवकर कळतं.

आठवड्यातली एक संध्याकाळ पूर्ण रिकामी. मार्क ६:३१ मध्ये लोकांची ये-जा इतकी की शिष्यांना जेवायला सवड नाही, आणि येशू त्यांना एकांतात चला म्हणतो. पुढच्याच वचनांत लोक धावत तिथंही पोचतात, हेही वाचा. रिकामी संध्याकाळ दर वेळी टिकणार नाही. चारातल्या तीन टिकल्या तर पुष्कळ.

मोजायचं कसं, याचं उत्तर कुणी दिलं नाही म्हणून देते. गलती ५:२२-२३ मध्ये नऊ गुण आहेत, पण ‘फळ’ हा शब्द एकवचनी आहे. म्हणून नऊपैकी सहा झाले अशी बेरीज करू नका. आनंद वाढला आणि सौम्यता घटली तर तो बहुतेक नुसता उत्साह असतो. उपस्थिती, उपवासाचे दिवस, वाचलेले अध्याय ही मापं सेवेची; आतल्या बदलाची मापं वेगळी. रागावल्यावर माफी मागायला किती वेळ लागतो? आधी चार दिवस, आता त्याच संध्याकाळी, तर बदल आहे. दुसऱ्याच्या संदेशाचं कौतुक झालं तेव्हा ‘पण’ न लावता ‘हो’ म्हणता आलं का? ज्याच्याकडून काही मिळणार नाही अशा माणसाशी, म्हणजे वॉचमन, चर्च झाडणारी बाई, यांच्याशी बोलताना आवाज तोच राहतो का?

हे स्वतः ठरवायचं नाही. तीन महिन्यांतून एकदा घरच्या माणसाला विचारा: ‘माझ्याबरोबर राहणं सोपं झालंय की अवघड?’ उत्तर आलं की स्पष्टीकरण द्यायचं नाही. त्या एका मिनिटातच अर्धं मोजमाप होऊन जातं.

---

अक्कलकोट_रोड

मनापासून आभार. गृहप्रार्थनेचं वाचून छातीत धस्स झालं, म्हणजे नेम बरोबर लागलाय.

दोन अडचणी राहिल्या. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, कधी पहाटे, कधी मध्यरात्री. त्या दिवशी अर्धा तास जातोच, आणि एकदा मोडलं की पुढचे दोन दिवस जातात. दुसरी अडचण गृहप्रार्थनेतल्या बायकांची. बऱ्याच जणी घरी बिड्या वळतात, मजुरी हजारावर. त्यांना अर्धा तास शांत बसा म्हणणं मला तरी जमणार नाही.

---

सात_रस्ता

पाण्याच्या दिवसाचं वेगळं रूप आधीच ठरवून ठेवा, म्हणजे तो ‘मोडलेला’ दिवस राहत नाही. स्तोत्र ११९ ची १७६ वचनं आहेत, आठ-आठांचे बावीस भाग. पाण्याच्या दिवशी एक भाग, मोठ्यानं, पिंप भरता भरता, आणि शेवटी त्यातल्या एका वचनाची एका वाक्याची प्रार्थना. सात मिनिटं. हे बावीस भाग तुम्हाला तीन-साडेतीन महिने पुरतील. राहिलेला उतारा दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरून काढायचा नाही. सवय मोडते ती या भरपाईनं. चुकला तो चुकला, पुढचा घ्यायचा.

---

संध्याकाळची_घंटा

बायकांचं उलट आहे, तुमच्यापेक्षा त्यांचंच सोपं. पान कापायला, तंबाखू भरून वळायला, दोरा बांधायला हात आणि डोळे लागतात. तोंड आणि कान मोकळे. आठवड्याला एकच वचन, पाठ करून. सोमवारी अर्धं, बुधवारी पूर्ण, शुक्रवारी संदर्भासकट, आणि गृहप्रार्थनेत ‘कोण म्हणून दाखवतं’ अशी परीक्षा नको, नाहीतर जिला वाचता येत नाही ती यायची बंद होते. त्याऐवजी विचारा, हे वचन या आठवड्यात कुठं आठवलं?

ज्यांच्या घरी तेलुगू बोलतात त्यांना पाठांतर तेलुगूत करू द्या, भजन मराठीत गात असल्या तरी. रागाच्या भरात तोंडातून जी भाषा बाहेर पडते, वचन त्याच भाषेत आत असायला हवं. चालीवर बसणारं वचन लवकर बसतं; अभंगाच्या चालीत बसवून घ्या, एखादी आजी दोन मिनिटांत चाल लावून देईल.

आणि बीडीच्या पुड्याबरोबर वचनाची चिठ्ठी द्यायची असेल तर अक्षर मोठं काढा. संध्याकाळी उंबऱ्यातल्या उजेडात बारीक छापलेलं वाचता येत नाही.